जिथे कुणी उभं राहिलं नाही

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं एक वेगळंच चित्र २००६ साली संगणकशास्त्राच्या एका शोधनिबंधात आलं. ते कुणी रंगवलेलं नव्हतं आणि एका कॅमेऱ्याने टिपलेलंही नव्हतं. नुसते ठिपके होते. त्या ठिपक्यांतून चर्चचे दोन मनोरे, मधली गोल खिडकी, खालचे तीन दरवाजे उभे राहिले होते आणि हवं त्या बाजूला वळून ते पाहता येत होते. मी मात्र इमारतीपेक्षा तिच्या समोरचा चौकच पाहत राहिले. तिथे चिमुकल्या शंकूंची दाटी होती. प्रत्येक शंकू म्हणजे एक कॅमेरा. कुणीतरी कधीतरी त्या जागी थांबलं होतं, मान वर करून त्या कोनातून पाहिलं होतं आणि बटण दाबून पुढे गेलं होतं. ती माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. आपण कुठे उभे होतो हे त्यांनीही लक्षात ठेवलं नसणार. सॉफ्टवेअरने ते त्यांच्या फोटोंवरूनच काढलं होतं.

वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणारा नोआ स्नेव्हली, त्याचे प्राध्यापक स्टीव्हन साइट्झ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले रिचर्ड झेलिस्की या तिघांचं हे काम. फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांनी हौसेने टाकलेले नोत्र दामचे अडीच हजारांहून अधिक फोटो त्यांनी गोळा केले. त्यांतले सहाशेच्या आसपास एकमेकांशी जुळले, बाकीचे बाजूला पडले. काही अंधुक होते, काही आतले, काही भलत्याच कशाचे.

हे जुळणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फोटोत ठळक खुणा शोधतं: दगडाचा कोपरा, मूर्तीच्या नाकाखालची सावली, कमानीची कड. कॅनडातले संशोधक डेव्हिड लो यांनी १९९९ साली मांडलेली पद्धत इथे कामाला येते. प्रत्येक खुणेभोवतीच्या उजेड-अंधाराचं वर्णन ती १२८ आकड्यांत करते. फोटो थोडा जवळून काढलेला असो की लांबून, सरळ असो की तिरका, हे आकडे फारसे बदलत नाहीत. त्यामुळे एका फोटोतली खूण दुसऱ्यात सापडते, दुसऱ्यातली तिसऱ्यात. पुढचं गणित अवघड आहे, कारण त्यात दोन्हीकडे अज्ञातच. दगड कुठे आहे ते माहीत नाही आणि पाहणारा कुठे उभा होता तेही माहीत नाही. म्हणून एक चांगली जोडी निवडायची, तिच्यावरून दोन्हींचा अंदाज बांधायचा, मग एकेक फोटो जोडत जायचा आणि दर टप्प्याला आधीचे सगळे अंदाज पुन्हा तपासून थोडे थोडे सरकवायचे, एकूण चूक कमीत कमी होईपर्यंत. हे सरकवण्याचं गणित १९५० च्या दशकात तयार झालं, विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करण्यासाठी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे माणसं गळतात. चौकातून चालणारा मनुष्य दोन फोटोंत एका जागी सापडत नाही, म्हणून त्याचा ठिपका पडत नाही. नोत्र दामसमोर हसत उभे राहिलेले सगळे ठिपक्यांच्या त्या ढगातून नाहीसे होतात. राहतो तो ज्याने फोटो काढला तो, शंकू होऊन.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जिथे कुणी कॅमेरा वळवला नाही तिथे काहीही नसतं. ढगाला तिथे भोक असतं.

२००७ साली मायक्रोसॉफ्टचे ब्लेझ अगेरा इ आर्कास यांनी याच कल्पनेवर बेतलेलं फोटोसिंथ नावाचं सॉफ्टवेअर एका व्यासपीठावर दाखवलं, तेव्हा नोत्र दामच्या त्या फोटोंमध्ये एक फोटो होता तो चर्चचा नव्हताच, चर्चच्या पोस्टरचा होता. सॉफ्टवेअरने तोही बरोबर त्याच्या जागी बसवला होता. पोस्टरमधून सरळ खऱ्या दगडापर्यंत जाता येत होतं. मूळ शोधनिबंधात याहून सुंदर गोष्ट आहे. अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम नावाचा प्रचंड कडा आहे. अँसेल ॲडम्स यांनी १९६० साली त्याचा आणि त्यावर उगवलेल्या चंद्राचा काढलेला फोटो जगप्रसिद्ध आहे. पर्यटकांच्या फोटोंवरून उभ्या केलेल्या कड्याच्या मॉडेलला संशोधकांनी तो फोटो जोडून पाहिला, आणि ॲडम्स कुठे उभे होते ती जागा सॉफ्टवेअरने सांगितली. ॲडम्स १९८४ सालीच गेले होते.

इमारतींचं माप फोटोवरून घेण्याची कल्पना एका तरुणाला भीतीतून सुचली. १८५८ साली जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या कॅथीड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा चोवीस वर्षांचा तरुण उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढून माप घेण्यापेक्षा फोटो काढून त्यावरून घेता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात तिथून आला. पुढे १८८५ साली बर्लिनमध्ये त्याने इमारतींच्या मोजणीयोग्य फोटोंचा सरकारी संग्रहच उभा केला, काचेच्या हजारो प्लेटांचा. दोन महायुद्धांनंतर, ज्या इमारतींचे नुसते ढिगारे उरले होते, त्यांतल्या काहींसाठी याच काचांचा आधार मिळाला.

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्तींचंही तसंच. मार्च २००१ मध्ये त्या मूर्ती उडवल्यावर झुरिकच्या तंत्रविज्ञान संस्थेतल्या आर्मिन ग्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मूर्तीचं संगणकावर पुनर्निर्माण केलं. पर्यटकांचे फोटो इंटरनेटवर होते, पण खरे उपयोगी पडले ते ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या प्राध्यापक कोस्टका यांनी १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेले तीन फोटो. वस्त्राच्या बारीक चुण्या संगणकाला आपणहून पकडता आल्या नाहीत. त्या माणसाने डोळ्यांनी पाहून, एकेक बिंदू हाताने मोजून घातल्या. पन्नास मीटरहून उंच मूर्तीची आठवण तीन फोटोंत टिकली, आणि ते फोटो काढणाऱ्याच्या मनात त्या वेळी ती पडेल असं काही नव्हतं.

फोटोसिंथ ऑगस्ट २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीच्या क्षणी हजर असलेल्यांनी काढलेले फोटो सीएनएनने मागवले आणि त्यांतून तो क्षण जोडून दाखवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती सेवा बंद झाली. पण पद्धत पुढे गेली. २००९ सालच्या आणखी एका शोधनिबंधात रोमचे १,५०,००० फोटो ४९६ गाभ्यांच्या संगणकसमूहाला देऊन २१ तासांत जुळवले गेले. निबंधाच्या नावातच रोम एका दिवसात उभारल्याचा दावा होता. निकाल पाहिला तर त्यात कोलोझियम आहे, सेंट पीटर्स आहे, ट्रेव्हीचं कारंजं आहे, पँथिऑन आहे, आणि ही सगळी सुटी बेटं आहेत. मधल्या गल्ल्या नाहीत. ज्या रस्त्यांनी पर्यटक एका बेटावरून दुसऱ्यावर चालत गेले, त्या रस्त्यांत त्यांनी कॅमेरा बाहेर काढला नव्हता.

रोमच्या त्या बेटांनीच मला आमच्या गुहागर तालुक्यातल्या घराकडे वळवलं. ते घर आता नाही. कौलं गळत होती, वाशांना वाळवी लागली होती, चुलतभावांनी ते पाडून स्लॅबचं घर बांधलं आणि योग्यच केलं. पावसाळ्यात घरभर बादल्या मांडून राहणाऱ्याला जुन्या घराचं प्रेम शिकवायला जाऊ नये. पण फोटो होते. चुलतबहिणीच्या लग्नाचे डिजिटल कॅमेऱ्यावरचे भरपूर, आणि त्याआधीचे अल्बममधले, काळ्या कोपऱ्यांत अडकवलेले. मी ते स्कॅन केले आणि कोलमॅप नावाच्या, कुणालाही मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. खुणा शोधताना ते रंग पाहतच नाही, म्हणून काळेपांढरे आणि रंगीत फोटो एकत्र घातले तरी चालतात.

जांभ्याने मला फार साथ दिली. जांभ्याच्या प्रत्येक चिऱ्याची भोकं वेगळी असतात, कुठे बोट जाईल एवढं, कुठे मोहरीएवढं, कडेला पिवळट डाग. माणसाला सगळे चिरे सारखे वाटतात, पण सॉफ्टवेअरला एकेक चिरा नावाने हाक मारल्यासारखा ओळखू येतो. जोतं असं उभं राहिलं की पायऱ्या मोजता याव्यात. तुळशीवृंदावन तिन्ही बाजूंनी आलं. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती मात्र आल्याच नाहीत. गुळगुळीत पांढऱ्यावर पकडायला खूणच नसते. ओटीच्या जमिनीचं सगळ्यात नवल वाटलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हाताची अर्धवर्तुळं उमटतात, एकात एक, माशाच्या खवल्यांसारखी. एका दिवसाचे फोटो त्या वर्तुळांवर घट्ट जुळले. पण दुसऱ्या दिवसाच्या फोटोंशी जमीन जुळेना. मधे कुणीतरी पुन्हा सारवलं होतं. त्या हाताचा फेर वेगळा पडला होता, म्हणून सॉफ्टवेअरच्या हिशोबी ती जमीनच वेगळी होती. खांब तेच, उंबरा तोच, आणि जमिनीचे एकावर एक पातळ थर, प्रत्येक थर कुणाच्या तरी सकाळचा.

अशा मॉडेलला स्वतःचं माप नसतं. आकार बरोबर येतात, पण घर खरं आहे की खेळण्यातलं हे गणिताला कळत नाही. कुठलं तरी एक खरं अंतर आपण सांगावं लागतं. माझ्या भावाच्या मुंजीच्या फोटोत मातृभोजनाचा पितळी फुल्यांचा पाट दिसतो. तो पाट आज पुण्यात माझ्याकडे आहे. फुलीपासून फुलीपर्यंत टेप लावला, तो आकडा घातला, आणि सगळं घर आपल्या मापात आलं. काही जुन्या फोटोंचे शंकू जमिनीपासून कमरेच्या उंचीवर आले, तेव्हा आधी मला वाटलं गणित चुकलं. मग लक्षात आलं, तालुक्याहून बोलावलेला फोटोग्राफर पोटाशी धरून वरून पाहायचा कॅमेरा वापरत असे. त्याचं नाव घरात कुणाला आठवत नाही, पण खळ्यात तो कुठे उभा होता ते आता मला हातभर इकडेतिकडे सांगता येतं.

काकू आता थकली आहे, पुण्यालाच असते. तिला मी हे लॅपटॉपवर दाखवलं. माऊस फिरवायला तिला लगेच जमलं. खळ्यातून पायऱ्या चढून ओटीवर, ओटीवरून माजघराच्या दाराशी. तिथे ठिपके विरळ झाले आणि पुढे काळं.

"अगं, हे इथंच अडलं. आत का जात नाही?"

"आतले फोटोच नाहीत, काकू."

"आतले कोण काढणार होतं?" ती म्हणाली.

खरंच कोण काढणार होतं? छत्तीस फोटोंचा रोल, धुवायचा खर्च, आत अंधार. स्वयंपाकघरात सोवळं. कॅमेरा नेहमी ओटीवर, जिथे पाहुणे बसत, मुंजमुलगा बसे, वऱ्हाड जमे. काकू फोटोत आहे ती समूहाच्या कडेला, घाईने बाहेर येऊन उभी राहिलेली, पदराला हात पुसत. आणि माणसांचे ठिपके पडत नाहीत. तिने कॅमेराही कधी हातात घेतला नव्हता, म्हणून तिचा शंकूही नाही. जन्म त्या घरात गेला आणि त्या ढगात ती कुठल्याच रूपाने नाही. तिचं स्वयंपाकघर म्हणजे ढगातलं सगळ्यात मोठं भोक.

गेल्या काही वर्षांत ही भोकं बुजवायची साधनं आली आहेत. २०२० साली आलेली नर्फ पद्धत आणि २०२३ साली फ्रान्समधून आलेलं गॉसियन स्प्लॅटिंग यांनी ठिपक्यांच्या जागी जिवंत उजेड आणला. पितळेची चकाकी, पानांमधून येणारं ऊन त्यांत दिसतं. त्यांचा मला आदरच वाटतो, कारण कोण कुठे उभं होतं हा हिशोब त्या अजून बहुधा जुन्याच रीतीने करून घेतात आणि पाहिलेल्यावरच उभ्या राहतात. पण त्यांच्या पाठोपाठ तिसरी जात आली आहे. तिला दोनचार फोटो पुरतात, कधी एकही पुरतो. न पाहिलेलं ती स्वतः रचते.

पुतण्याने तसल्याच एकाला आमच्या घराचे फोटो दिले. सकाळी घर पूर्ण झालेलं होतं. माजघराचं दार उघडून आत जाता येत होतं. आत स्वयंपाकघर होतं, मातीची चूल, फळीवर पितळेचे डबे, आणि चुलीच्या वर एक छान लाकडी खिडकी, तिच्यातून येणारा सकाळचा उजेड. पाहता पाहता मलाही वाटून गेलं की हो, असंच होतं. काकूने चष्मा पुसून पाहिलं.

"ही खिडकी कुठली? तिथे खिडकी असती तर माझे डोळे असे झाले असते का?"

तिथे खिडकी नव्हती. धूर कौलांच्या फटींतून जायचा, जाईल तेवढा. उजेडाला एक काचेचं कौल होतं आणि तेही काजळीने काळं झालेलं. सॉफ्टवेअरने ती खिडकी आणली होती जगातल्या असंख्य स्वयंपाकघरांच्या चित्रांतून, जिथे सहसा खिडकी असते. त्याने खोटं सांगायचं ठरवलं नव्हतं. पण परिणाम तोच झाला. एका बाईने वर्षानुवर्षं डोळ्यांत घेतलेला धूर एका रात्रीत घराबाहेर गेला, आणि पाहणाऱ्याला त्याची शंकाही येऊ नये इतकं ते सुंदर दिसत होतं.

खेळांसाठी, सिनेमासाठी हे रचणं खुशाल वापरावं. पण जे होतं त्याची नोंद म्हणून ते चालणार नाही, घराच्या बाबतीत नाही आणि बामियानच्या बाबतीतही नाही. ग्रून यांच्या चमूने हाताने घातलेली चुणी फोटोतली होती; तिथे माणूस जे दिसतं तेच मोजत होता. ढगातलं भोक काहीतरी सांगत असतं. रोमच्या मधल्या गल्ल्या का नाहीत, माजघरापुढे काळं का आहे, याचं उत्तर लोकांच्या वागण्यात असतं. ते भोक बुजवलं की उत्तर जातंच, प्रश्नही जातो.

आम्ही ती खिडकी ठेवली नाही. काकूला शेजारी बसवून मी आलेखाच्या कागदावर स्वयंपाकघर काढलं. चूल पूर्वेच्या भिंतीला, तिला उजवीकडे वैल. फडताळ दाराच्या मागे, त्यामुळे दार पूर्ण उघडत नसे. पाटा-वरवंटा जमिनीत बसवलेला. मागच्या दाराचा उंबरा फार उंच, कळशी घेऊन ओलांडताना गुडघा लागायचा. कळशी कमरेवर धरल्यासारखा हात करून तिने उंबऱ्याची उंची दाखवली आणि मी टेप लावला. तो कागद मी ठिपक्यांच्या ढगाशेजारी ठेवला आहे, वर लिहिलं आहे: काकूच्या आठवणीवरून. ढगात तो मिसळलेला नाही.

तुमच्याकडे पाडायचं ठरलेलं घर असेल, वाडा असेल, चाळीतली खोली असेल, तर आता कॅमेरा खिशात आहे आणि रोल संपायची भीती नाही. मागच्या दारापासून सुरुवात करा. न्हाणी, चुलीची किंवा गॅसची जागा, माळ्याची शिडी, विहिरीकडची वाट. एका जागी उभं राहून गोल फिरू नका, दर फोटोला पाऊलभर सरका, आणि आधीच्या फोटोतलं निम्म्याहून अधिक पुढच्यात येऊ द्या. जिचं ते घर आहे, त्या बाईच्या हातात थोडा वेळ फोन द्या आणि तिला हवं ते काढू द्या. कुठेतरी एक मोजपट्टी दिसू द्या. फोटो जसेच्या तसे दोन ठिकाणी साठवा. व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर ते लहान होतात आणि भिंगाची नोंदही पुसली जाते; पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.